डोलकाठ्यांवरच्या टोप्या

दगड बोटाच्या पेराएवढाच, पण कडा अजून धारदार होत्या. केझायानं तो खिडकीच्या उजेडाकडे धरला, तेव्हा त्या पातळ कडेतून मधाच्या रंगाचा प्रकाश झिरपत आला. बाणाचं टोक.

"आमच्या शेतात नांगरताना असली खूप निघतात, आजी," ल्युसिंडा म्हणाली. "तुझ्यासाठी आणलं. बाबा म्हणतात, ती सगळी जमीन जेफरसननी फ्रेंचांकडून विकत घेतली. एवढी की देश दुप्पट झाला!"

फ्रेंचांकडून... मग ही टोकं कुणाची? केझायाच्या मनात आलं. ती नातीच्या हनुवटीकडे बघत राहिली. जन्म दूर पश्चिमेचा, मिसुरी नदीकाठचा, समुद्र काल पहिल्यांदा पाहिलेला, पण हनुवटी थेट आजोबांची, कप्तानांची. काल पोरगी एकटीच दारात येऊन उभी राहिली. बाप गावाबाहेरच्या खाणावळीत उतरलेला. केझायाचा एकुलता एक एसा, आणि आईच्या दारापर्यंत येऊन खाणावळीत!

कारण मिसुरीकडे जाताना याच उंबरठ्यावर तो म्हणाला होता, "बाबा, या घरात जेफरसनबद्दल एक बरा शब्द निघेल, त्या दिवशी पाय ठेवीन."

कप्तान एलिफलेट यांनी पाइप झटकला होता. "मग म्हातारा हो तिकडेच."

कप्तान जाऊन पाच वर्षं झाली, तरी पोराची आण काही मेली नाही. आज शनिवार, भट्टीत घेवडे शिजतायत. सूर्य बुडाला की देवाचा दिवस लागेल, मग कुणी कुठे जायचं-यायचं नाही. आणि सोमवारी तो परतणार.

"केझाया! अगं केझाया!" कुंपणापलीकडून शेजारची टॅबिथा. केझाया दारात आली. "बोस्टनची गाडी आली. तोही गेला म्हणे! व्हर्जिनियावाला जेफरसन! आपले जुने राष्ट्राध्यक्ष ॲडम्स गेले त्याच दिवशी, चार जुलैला, स्वातंत्र्यदिनी. घ्या! मरतानासुद्धा आपल्या माणसाला एकटं जाऊ दिलं नाही मेल्यानं!"

"मेलेल्याला मेल्या काय म्हणतेस, टॅबिथा..."

"मग काय आरती ओवाळू? सगळी माणसं सारखी म्हणून लिहायचं, घरी गुलाम राबवायचे, आणि आमची गलबतं बंदरात कुजवायची! मी तर ॲडम्ससाठी दारावर लावलेलं काळं कापड काढलं बाई आत्ताच. उद्या कुणी म्हणायचं, टॅबिथा त्याचा दुखवटा पाळतेय. तू काय करणार?"

केझायाच्या दारावरचं कापड वाऱ्यानं जरा फुगलं, पुन्हा सपाट झालं. जुनंच होतं, पेटीच्या तळातलं. इंग्रजांना आणि फ्रेंचांना धडा शिकवायचा म्हणून राष्ट्राध्यक्ष असताना त्या माणसानं आपल्याच बंदरांना कुलूप घातलं, आणि त्या बंदीला वर्ष झालं तेव्हा सगळ्या गावानं दुखवटा पाळला होता — प्रार्थनाघराच्या घंटा मेलेल्या माणसासाठी वाजवाव्यात तशा सावकाश वाजल्या, निशाणं अर्ध्यावर आली, खलाशी दंडाला काळ्या फिती बांधून रिकाम्या धक्क्यावरून चालत गेले — आणि हेच कापड मी याच दारावर लावलं होतं. बंदर मेलं म्हणून.

मेलं होतं का? मला तर ते झोपल्यासारखंच आठवतं. डोलकाठ्यांची टोकं पावसानं सडू नयेत म्हणून खलाशांनी त्यांवर डांबराची रिकामी पिंपं उलटी बसवली होती. राष्ट्राध्यक्षांच्या झोपेच्या टोप्या म्हणत त्यांना सगळे, आणि थुंकत. धुक्याच्या सकाळी बघावं तर अख्खं बंदर टोप्या घालून झोपलेलं... कप्तानांचं गलबत 'प्रॉव्हिडन्स' मधोमध, जरा कलून, म्हाताऱ्यानं कुशीवर वळावं तसं. ते तसंच कुजलं. कप्तान पुन्हा समुद्रावर गेलेच नाहीत.

पण त्याआधी... बंदीतला तो एक वसंत.

लग्नाला एवढी वर्षं होऊन गेली होती, पण लायलॅक जांभळ्या तुऱ्यांनी फुललेला कप्तानांनी आपल्या अंगणात कधी पाहिलाच नव्हता. "हा दरवर्षी असाच येतो?" त्यांनी विचारलं होतं, कॅन्टनला आणि कलकत्त्याला जाऊन आलेल्या माणसानं! मी हसले. संध्याकाळी ते समोर बसत, दोन्ही हात पुढे धरून, आणि मी त्यांच्या हातांवर लोकरीची लड चढवून गुंडा करीत असे. ते शिव्या घालत — त्या माणसाला, त्याच्या बंदीला, त्याच्या मुत्सद्दीपणाला — आणि हात मात्र हलू देत नसत. शिव्यांच्या तालावर लोकर सुटत जायची. माझ्या अख्ख्या संसारात नवरा घरात होता तो एवढाच काळ, सव्वा वर्ष... नंतरही ते घरातच होते, पण तोवर त्यांचं मन उठलं होतं. हात पुढे येईनात.

कुणाला सांगणार होते मी? गाव उपाशी, आणि मी सुखात...

"काय गं, बोल ना!" टॅबिथा म्हणाली. "काढतेस का ठेवतेस?"

"घेवडे करपतील तुझे, जा," केझाया म्हणाली. टॅबिथा पुटपुटत गेली.

त्यानं देश दुप्पट केला आणि माझा पोरगा त्या दुपटीत हरवला. त्यानं बंदर बुडवलं आणि... हे असं कुठल्या बाजूला मांडायचं? एसाला वाटतंय, बरा शब्द म्हणजे आई काळ्या मातीबद्दल, मिसुरीबद्दल बोलेल.

"आजी," ल्युसिंडा हळूच म्हणाली, "हे काळं दोघांसाठी आहे, असं सांगू का बाबांना?"

कापडाचा एक कोपरा सुटला होता. केझायानं तो धरला. काढायला की ठोकायला, तिचं तिलाच कळलं नाही.

"सांग त्याला, एक बरा शब्द आहे म्हणावं माझ्याकडे. पण त्याला हवा असलेला तो नव्हे. येऊन ऐकायचा असेल तर ये म्हणावं, ऊन आहे तोवर."

पोरगी धावत गेली. केझाया आत येऊन बसली. खिडकीतून बंदर दिसत होतं, शिडं, गडबड, एकाही डोलकाठीवर टोपी नाही... तरी तिला ती सगळी गलबतं झोपलेलीच वाटत होती, आणि मावळतीचं ऊन प्रार्थनाघराच्या कळसावर चढत होतं, आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघता बघता तिच्या मांडीवरचे हात आपोआप उचलले गेले, जरा दूर, समोरासमोर, लड चढवायला कप्तान धरत तसे — म्हणजे आता गुंडा करणारं कुणीतरी यायला हवं.