पहिली हाक कोणाला

पद्धतीचे सर वर्गात शिरले की आधी खिडक्या लावून घेत आणि मगच तोंड उघडत. जणू रस्त्यावरचं कोणी त्यांचं ज्ञान फुकटात ऐकून जाईल. ते संशोधन पद्धती शिकवत, म्हणून पद्धतीचे सर. पदवीच्या शेवटच्या वर्षाला प्रबंध लिहायचा, पण त्याआधी एक लहानशी पाहणी करून सरांपुढे ठेवायची. ती त्यांना पटली तर प्रबंधाला परवानगी, नाही पटली तर वर्ष गेलं.

त्याच वर्गातल्या एका मुलीला सरांबद्दल फारसं काही वाटत नसे. तिला किळस यायची ती वर्गातल्या पोरांची. प्रश्नावल्या भरून आणायची वेळ आली की सगळं टोळकं कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये जमे आणि "तू माझी भर, मी तुझी भरतो" सुरू होई. मिसरूड न फुटलेली पोरं घटकेत विधुर होत, पोरी घटकेत लेकुरवाळ्या होत. त्यांच्यातला एक तक्ते फार सुबक काढायचा, म्हणून त्याला सगळे कोष्टक म्हणत. हा कोष्टक एका चहावर वाटेल तितके म्हातारे होऊन दाखवत असे.

"तुझीही देतो भरून," तो तिला म्हणाला. "विषय काय तुझा?"

"इमारतीतली वयस्कर माणसं आणि त्यांचा शेजार."

"सोपं आहे. मी दोन आजोबा होतो. एक चिडका, एक गोड."

"तू आधी माणूस हो," ती म्हणाली आणि आपले कागद उचलून चालती झाली.

हा तुसडेपणा तिने आत्याकडून उचलला होता. आईवडील दुसऱ्या गावी, शिक्षणासाठी ती आत्याकडे राहायची. आत्याने सगळी नोकरी तिकीट खिडकीवर काढलेली. जन्मभर माणसं तिच्यापुढे वाकून, भोकात तोंड घालून बोलली, त्यामुळे सरळ उभं राहून बोलणारा माणूस तिला उर्मट वाटायचा. निवृत्त झाल्यावर ती इमारतीची सचिव झाली. गच्चीच्या आणि पंपाच्या किल्ल्या कमरेला आल्या, आणि खिडकी गेल्याचं दुःख थोडं कमी झालं.

"ही माणसं तुला दार उघडतील?" प्रश्नावली चाळून आत्या म्हणाली. "वेडी आहेस. सगळे एकजात आळशी. मी येते बरोबर."

आणि आली. तळमजल्यावरचे निवृत्त बस ड्रायव्हर आत्याला पाहून पलंगावरून उठले आणि सदऱ्याची बटणं लावू लागले.

"काका, शेजार कसा आहे तुमचा?" तिने विचारलं.

"उत्तम," काका म्हणाले. ते बघत होते आत्याकडे.

"कधी एकटं वाटतं?"

"छे, छे. उत्तम."

आत्या तेवढ्यात पंखा न्याहाळत होती. "हा शेवटचा पुसला कधी होता?"

"उद्याच पुसतो," काका म्हणाले.

समोरची शिंपीणकाकू सुईत दोरा ओवता ओवता "फार सुखात आहोत हो" म्हणाली. सगळ्यात वरच्या मजल्यावर एक बहिरे आजोबा होते. प्रश्न त्यांच्या कानापर्यंत पोचलाच नाही, पण आत्या दारात दिसल्याबरोबर त्यांनी "उत्तम, उत्तम" म्हणून हात जोडले. भाचीने सगळं टिपून घेतलं. खऱ्या माणसांच्या तोंडची खरी उत्तरं! तिला कोष्टकाची कीव आली.

पाहण्या दाखवायच्या दिवशी सरांनी आधी कोष्टकाचे कागद पाहिले आणि "बरं आहे, लाग कामाला" म्हणून सही ठोकली. मग तिचे कागद हातात घेतले. एक पाहिला, दुसरा पाहिला, आणि बाकीचे पत्ते पिसावेत तसे नुसतेच पिसले.

"हे घरी बसून भरलंस?"

"नाही सर! दारोदार फिरले मी."

"सगळे उत्तम. सगळे सुखी. इतकी सुखी माणसं कुठल्या इमारतीत राहतात? पत्ता दे, मीही खोली बघतो."

वर्ग खो खो हसला. कोष्टक सगळ्यांत मोठ्याने. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"एकटी गेली होतीस?"

"आत्या होती बरोबर. ती सचिव आहे इमारतीची."

"अस्सं." सरांनी कागद तिच्या बाकावर टाकले. "म्हणजे साहेबाला शेजारी बसवून कारकुनाला विचारलंस, साहेब कसा आहे. हे खोटं भरण्यापेक्षा वाईट. खोटं भरणाऱ्याला निदान आपण खोटं भरतोय हे ठाऊक असतं. सोमवारी नवं आण, नाहीतर पुढच्या वर्षी ये. आणि माणसाला कसं वाटतं ते विचारू नकोस. तो काय करेल ते विचार. तो जे बोलेल तेच लिही, त्याच्याच शब्दांत. आपली अक्कल मध्ये घालू नकोस, ती आहे की नाही ते नंतर पाहू."

घरी येताना तिला सरांचा राग आला, आत्याचा आला, आणि त्या उत्तम-उत्तमवाल्या म्हाताऱ्यांचा तर फारच आला. पण पलंगावरून उठून बटणं लावणारे काका डोळ्यांपुढून जाईनात. ती समोर बसली होती आणि तिला ते दिसलं नव्हतं. म्हणजे कोष्टकात आणि तिच्यात फरक एवढाच, की ती जिने चढली होती.

शनिवारी आत्याची दुपारची झोप लागली आणि ती एकटी बाहेर पडली. जुनी प्रश्नावली घरीच ठेवली. एकच प्रश्न नेला. अचानक तब्येत बिघडली तर पहिली हाक कोणाला माराल?

ड्रायव्हरकाकांनी आधी तिच्या खांद्यावरून मागे पाहिलं.

"एकटीच आलेय."

"मग बस," काका म्हणाले. बटणं लावली नाहीत. "हाक? समोरच्या शिंपिणीला. भांडखोर आहे, कैदाशीण नुसती. पण धावत येते."

शिंपीणकाकूने तोंडातली टाचणी काढली. "त्या ड्रायव्हरला. मेला वाटी नेतो ती परत देत नाही. पण रात्रीबेरात्री उठवलं तरी कुरकुरत नाही हो."

बहिऱ्या आजोबांना तिने प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहून दाखवला. ते म्हणाले, हाक मारून काय उपयोग, कोणी ओ दिली तर मला ऐकू कुठे येणार? मी काठी आपटतो. खालचा तबलेवाला येतो, आधी शिव्या देतो, मग पाणी देतो.

दारोदार हेच. प्रत्येकाने कोणाला तरी नावं ठेवली आणि त्याचंच नाव सांगितलं. तिला राहवलं नाही, ती पुन्हा खाली गेली. शिंपीणकाकूला म्हणाली, "आणि आत्याला नाही मारणार हाक?"

"तुझ्या आत्याला?" काकू हसली. "पोरी, ती आधी विचारेल, जिन्यात चपला कोणी काढल्या!"

तीही हसली. दोन पायऱ्या चढेपर्यंत हसत होती.

वर आत्या दारातच उभी. इमारतीत बातमी तिच्याआधी पोचली होती.

"माझी पाठ वळताच गेलीस. काय काय बोलले माझ्याबद्दल?"

"ते सांगता येत नाही. पद्धतीत बसत नाही."

"पद्धत! माझ्या घरात राहायचं आणि मलाच पद्धत शिकवायची! त्या बिनकामाच्या लोकांना विचारत फिरतेस, आणि मी? मी या इमारतीत राहत नाही? की मी म्हातारी नाही?" आत्या खुर्ची ओढून बसली. "विचार मला."

तिने कागद काढला आणि प्रश्न विचारला.

आत्याने उत्तरासाठी तोंड उघडलं. उत्तराला थांबायची तिला सवयच नव्हती. तिने खालच्या मजल्याकडे बोट केलं, ते परत घेतलं. वर पाहिलं. कमरेच्या किल्ल्या विनाकारण सरकवल्या.

"काय फालतू प्रश्न आहे," ती म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.

भाचीने तेवढंच लिहिलं. काय फालतू प्रश्न आहे. तिच्याच शब्दांत.

सोमवारी सरांनी कागद पिसले नाहीत, वाचले. काठीच्या पानावर त्यांच्या नाकातून हसू सुटलं. एका पानावर मात्र थांबले.

"हे एकच उत्तर वेगळं आहे. कोण ही?"

"आत्या."

"नातेवाईक चालत नाही. काढ." त्यांनी ते पान तिला परत दिलं आणि बाकीच्यांवर सही केली. "कर प्रबंध."

"सर, आणि कोष्टकाचे म्हातारे?"

"सगळे एकाच शाईचे, एकाच हाताचे. दिसतं मला. पण त्याला नापास केलं तर पुढच्या वर्षी त्याचं पुन्हा मलाच वाचावं लागेल. तेवढा मी मूर्ख नाही. तू कागद उचल."

संध्याकाळी आत्या भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "झालं का तुझ्या त्या सरांचं समाधान?"

"हो. परवानगी मिळाली."

"मिळणारच. एवढ्या लोकांना छळलंस." चार शेंगा निवडून झाल्या. "माझ्या उत्तराला काय म्हणाले?"

"म्हणाले, हे एकच वेगळं आहे."

"असणारच. बाकीच्यांना अक्कल आहे?"

"पण काढायला लावलं. नातेवाईक चालत नाही म्हणून."

आत्याचा हात थांबला. मग एक किडकी शेंग तिने उगाचच फार दूर फेकली.

"बरंच झालं. फालतू प्रश्न तो. नाहीतर तुझं नाव सांगितलं असतं मी. पण तुला हाक मारून उपयोग काय? एकदा झोपलीस की कानाशी ढोल वाजवले तरी उठत नाहीस, मुलखाची आळशी."