चष्मा घरी राहिला

घाई नाही ना? मग टेका इथे. दोन विहिणींची गंमत सांगतो. हसाल तर हसा, पण हळू आवाजात.

आधी माझं काम ऐका. कंपन्या मोबाईलचं ॲप बनवतात. बाजारात काढायच्या आधी ते साध्या माणसांच्या हातात देऊन बघतात, कुठं अडतात ते. ती माणसं मी आणतो. कधी रिक्षावाले लागतात, कधी साठीच्या पुढचे, कधी दुकानदार. मागच्या खेपेला कंपनीची संजना मॅडम म्हणाली, या वेळी वाचता न येणाऱ्या बायका पाहिजेत.

हे सगळ्यात कठीण. आपण म्हातारे आहोत हे माणूस सांगतो, वाचता येत नाही हे कोण सांगणार? तरी पालीची शेवंती तयार झाली. मासे विकते. अट एकच, कुणाला कळता कामा नये, कारण पोराची सोयरीक चाललेली आणि मुलीकडच्यांना तिनं स्वतःला सातवी पास सांगितलेलं. दुसरी मिळाली घोडबंदरची सुगंधा. तिचीही अट तीच. एका घरातली, एका गल्लीतली दोघं घ्यायची नाहीत असा आमचा नियम. पाली कुठे, घोडबंदर कुठे, मी निवांत.

ॲप बघायला शांती नगरला खोली घेतलेली, तिथं शेवंती आधीच बसलेली. सुगंधा दारात आली नि दोघी एकमेकींकडं बघतच राहिल्या. सोयरीक यांच्याच दोन घरांत चाललेली, सुपारी फुटायची बाकी. सुगंधानं तर म्हणे मॅट्रिक सांगितलेलं.

एक म्हणाली, डॉक्टरकडं आलेय. दुसरी म्हणाली, नणंद वरच राहते. मग सुरमईच्या भावावर बोलत बसल्या. आधी उठायला कुणी तयार नाही.

तेवढ्यात संजना मॅडम परवानगीचा कागद नि शाईचा पॅड घेऊन आली. मावशी, वाचून दाखवते, मग दोघी अंगठा द्या म्हणाली. शेवंतीची मान खाली. मी मनात म्हटलं, मोडलं लग्न.

सुगंधानं पिशवी चाचपली. बराच वेळ चाचपली.

"चष्मा घरी रायला गो माझा. न्हायतर सहीच केली असती."

शेवंतीनं वर बघितलं.

"माझ्यावर पोरगा बसला काल. चष्म्यावर म्हंजे."

"मग देऊ अंगठा दोघी."

दिले.

काम आटपून खाली आलो, तर शेवंतीनं मला बाजूला ओढलं. "माझं जाऊ दे रे राघो, पण विहिणीचं कुठं बोलू नको." ती रिक्षात बसते न बसते, तोच सुगंधा सुट्टे मागायच्या निमित्तानं माझ्याजवळ आली नि शब्दन् शब्द तेच बोलून गेली.

सुपारी फुटली. वैशाखात लग्न आहे, मला दोन्हीकडून आमंत्रण. तुम्ही पण चला माझ्यासोबत, जेवण झकास असतं त्यांच्यात. फक्त एवढं करा. मांडवात कुणी विचारलं, हा राघो काय काम करतो, तर रंगारी आहे म्हणून सांगा.