कागदावरचे थडगे

मित्रांनो, मी सुमारे पाचशे वर्षांचा कागद आहे. इटलीत तांब्याचा पत्रा कोरून माझ्यावर एका थडग्याचा नमुना छापला. खांब, फुलांच्या माळा, रडणारे देवदूत असे सगळे त्यात आहे. श्रीमंतांनी पसंत करून तसे थडगे बांधून घ्यावे, एवढ्यासाठी माझा जन्म. तसे कोणी बांधले नाही. हात बदलत मी कुवेतच्या एका खासगी संग्रहालयात आलो.

तिथे माझी चौकट मालवणकडच्या लवू सुताराने केली. मंगफ नावाच्या कामगारवस्तीतल्या खोलीत त्याच्यासोबत राहणारा रत्नागिरीचा मुबीन आम्हा चित्रांची ने-आण करी. मी काय आहे, हे मुबीनने सांगितले तेव्हा लवू हसला.

"मेल्यार रवाचा घर आधीच बघून ठेवतत?"

त्याने चौकट इतकी मन लावून घासली की मला पहिल्यांदाच कोणाचा तरी झाल्यासारखे वाटले.

जुलैत दालनाचा एसी बंद पडला. मुकादम मुझफ्फरने आम्हा कागदांना गार गाडीतून सुलैबियाच्या गोदामात हलवायला सांगितले. लवूला मात्र भर दुपारी गच्चीवर, एसीच्या यंत्रावर सावलीचे छप्पर ठोकायला पाठवले.

"साहेब, ऊन उतरू द्या. दुपारी बाहेर काम करायला बंदी आहे," मुबीन म्हणाला.

"आणि चित्रं खराब झाली तर जबाब तू देणार?"

लवू हातोडी घेऊन वर गेला. तो गच्चीवरच कोसळला आणि इस्पितळात पोचण्याआधीच गेला.

गोदामात माझ्याशेजारी बसून मुबीनने लवूच्या बायकोला, द्वारकाला, फोन केला. लवू गेल्याचे त्याने सांगितले. मग तिने विचारले, "थंय एसी होतो मां, मुबीनभाऊ? थंड जाग्यार काम आसा, असा म्हणायचे ते."

"होता, वहिनी," मुबीन म्हणाला. एसीच्या गारव्यात आम्ही कागद पडून होतो.

लवू साध्या फळ्यांच्या पेटीतून गावी गेला. मी पुन्हा भिंतीवर आलो. लोक येतात, माझी चांगली निगा राखली म्हणून वाखाणतात.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे मी सांगायला हवे. मला ते सांगवत नाही. मी एक दिवस उन्हात राहिलो असतो तर फार तर पिवळा पडलो असतो.