मालिकेतला अकरावा भाग

मी एक पुस्तक आहे, आणि तेही अकरावं. माझ्या आधीच्या दहा भावांत एकाच तांडेलाची, म्हणजे गलबताच्या कप्तानाची, गोष्ट आहे. वादळं, चाचे सगळं त्यांनीच नेलं. माझ्या वाट्याला आलं वारा पडल्यामुळे न हलणारं गलबत. लेखकाला मालिका थांबवायची नव्हती, आणि सांगायला काही उरलं नव्हतं.

रत्नागिरीच्या वाचनालयात आधीच्या भागांची पानं हाताळून मऊ झाली आहेत. माझी अजून करकरीत आहेत. लोक मला नेतात आणि अर्ध्यातून परत आणतात. त्यामुळे बाराव्या, शेवटच्या भागाला कोणी हात लावत नाही. शेजारी उभं राहून त्याच्याकडे बघायची मला लाज वाटते.

या मे महिन्यात नाझियाने मला जवळच्या भाट्ये गावात, तिच्या आजोळी नेलं. तिचे नाना जन्मभर जहाजावर खलाशी होते. आता त्यांना दिसत नाही, म्हणून सुट्टीत ती त्यांना वाचून दाखवते. तांडेल घरी पोचतो का, एवढंच त्यांना ऐकायचं होतं. शाळा सुरू झाली की नाझिया मंडणगडला परत जाणार होती.

"पोचला काय गो तो?"

"नाही नाना. शिडाकडे बघतोय."

"कालपण तेच करत होता मेला!"

मी ओशाळलो. नाना पेंगायला लागले. नाझियाने हळूच माझी बरीच पानं एकदम उलटली आणि वाचलं, "वारा सुटला."

"थांब. पानं गाळलीस ना?"

"कंटाळवाणी आहेत हो. तुम्ही ऐकायचंच सोडाल."

"वारा पडला म्हणून भर दर्यात कोण गलबतावरनं उतरतो काय? मागे जा."

ती मागे गेली. नाना पेंगत, जागे होत, लेखकाला शिव्या देत, पण पान सोडू देत नसत. मी मात्र संपता संपेना. संपलो, तेव्हा नाझियाची बॅग दारात भरून तयार होती.

"बारावा फोनवर वाचू, नाना?"

"फोनवर मला धड ऐकू येत नाय गो."

"मग दिवाळीत."

"दिवाळीत..." नानांनी मला चाचपून तिच्या हातात दिलं. "बरं."

आता मी पुन्हा शेल्फात आहे. लिहिणाऱ्यांनो, सांगण्यासारखं संपलं की गलबत बंदराला लावा. तुमचा एक भाग वाढतो, तेव्हा ऐकणाऱ्याचा एक उन्हाळा जातो. नानांकडे किती उन्हाळे उरलेत, मला माहीत नाही.