रेषेपर्यंत पाणी

"उतरा आता डोन चेबो, काटा मोडेल," दिग्ना म्हणाली.

चेबो उतरला नाही. तो डुकरांचा व्यापारी. काट्यावर उभं राहिलं की आपलाच भाव ठरतोय असं त्याला वाटत असावं. सुजलेला गाल तळहाताने धरून तो आकड्याकडे कौतुकाने बघत होता.

"बघा की डोन्या दिग्ना! तो काडीपैलवान शिंपी माझ्या निम्मा भरेल. त्याच्या दाढेला जेवढ्या कॅप्सूल, तेवढ्याच माझ्या दाढेला? हा कुठला न्याय?"

"वजनावर भाव डुकराचा असतो, माणसाचा नाही."

बाकावर बसलेल्या बाया फिसकन हसल्या. दिग्नाही हसली; पण कुणी काही विचारलं की नीट समजावल्याशिवाय तिला राहवत नसे. शाळेतल्या पोरांना दर शुक्रवारी रंगीत पाण्याने मापं शिकवायची, त्याच आवाजात ती म्हणाली, "लहान मुलाचं औषध त्याच्या वजनावर ठरतं. मूल वाढतं तसं औषध वाढतं. पण वाढता वाढता वर छप्पर लागतं. मोठी माणसं सगळी त्या छपराखाली उभी, शिंपी काय न् तुम्ही काय. छप्पर फोडून वर गेलात म्हणून दाढ लवकर बरी होत नाही, पोट मात्र बिघडतं. आता सांगा, पेनिसिलिन घेऊन कधी अंगावर पुरळ आलं होतं? श्वास कोंडला होता?"

"पुरळ मला फक्त सासूने येतं."

"तिला माझ्याकडे औषध नाही. हे घ्या. ठणका थांबला म्हणून मध्येच सोडायचं नाही. उरवून पुतण्याला द्यायचं नाही. आणि दाढ शहरात जाऊन दाखवायचीच."

चेबो गाल सांभाळत गेला. होंडुरासच्या त्या डोंगरातल्या आरोग्यकेंद्रात दिग्नाचे केस पांढरे झाले होते. डॉक्टर महिन्यातून एकदा यायचा; बाकीचे दिवस खोकला, जुलाब, कोयत्याची जखम, कॉफीच्या तोडणीत चावलेला विंचू, सगळं तिच्याकडे. तिने लग्न केलं नाही. का, हे विचारायचं गावाने कधीच सोडून दिलं होतं. गावातल्या निम्म्या लोकांना तिने पहिली लस टोचली होती, आणि ते आता आपापली पोरं तिच्यासमोर धरत होते.

पुढे आली त्रान्सितो. कडेवर नात, नाओमी. अडीच वर्षांची. नाओमीची आई स्पेनमध्ये कुठल्याशा म्हातारीची सेवा करायला गेलेली. दर रविवारी फोनवर ती आधी लेकीला खोकायला लावायची आणि मग बोलायची. दोन दिवसांपूर्वी त्रान्सितो याच बाकावर बसली होती. नाओमीला न्यूमोनिया होता, पण घरी बरा होण्यासारखा. दिग्नाने औषधाच्या पावडरची बाटली दिली होती, रेषेपर्यंत पाणी घालून हलवायची, आणि आज परत बोलावलं होतं.

"ताप हटत नाही," त्रान्सितो म्हणाली. "मी सगळं तुम्ही सांगितलं तस्संच केलं हो."

दिग्नाने नाओमीचा सदरा वर केला आणि घड्याळ समोर ठेवून श्वास मोजले. छाती तशीच भरभर हलत होती. खरं तर एव्हाना उतार पडायला हवा होता. औषध लागू पडत नसेल तर पोरीला रुग्णालयात पाठवायला हवं. कॉफी संघाची गाडी दुपारी शहरात जाणार होती. दिग्नाने खिडकीतून हाक मारली, "ओल्विन! मला विचारल्याशिवाय गाडी हलवू नकोस. एक रोगी असेल बहुतेक."

ते ऐकताच त्रान्सितोने नात छातीशी घट्ट धरली. "नको हो. हिच्या आईला मी काय सांगू? पोर माझ्या हवाली करून गेलीय ती."

"अजून पाठवलं नाही. आधी बाटली दाखवा."

त्रान्सितोने पिशवीतून बाटली काढली. नव्या टॉवेलात गुंडाळलेली, झाकण पुसून लख्ख केलेलं. दिग्नाने ती उजेडात धरली.

बाटली रेषेपर्यंत भरलेली होती.

नाओमी बारा किलोची. सकाळी दहा मिलीलिटर, संध्याकाळी दहा, असं पाच दिवस. म्हणजे एक बाटली आणि एक नाओमी असा तो चोख हिशेब होता. आज बाटली निम्म्यावर यायला हवी होती. दिग्नाने ती हलवली. दाट गुलाबी औषध पार फिकं झालं होतं, सरबताच्या ग्लासात विसळलेल्या पाण्यासारखं.

शाळेत चुकलेल्या पोराला ती कधी "चुकलं" म्हणत नसे. "कसं केलंस ते दाखव" म्हणत असे. बाटली खाली ठेवून तिने विचारलं, "डोन्या त्रान्सितो, चुलीवर घेवडा शिजतोय आणि दारात पाहुणा आला, तर तुम्ही काय करता?"

"काय करणार? पाणी वाढवते. दारातल्या माणसाला उपाशी पाठवायचं का?"

"बरोबर. मग या बाटलीच्या दारात कोण आलं होतं?"

त्रान्सितोने आधी बाटलीकडे पाहिलं, मग दिग्नाकडे. तिचा चेहरा हळूहळू उतरला.

"शेजारची मिर्ताला आली होती," ती म्हणाली. "त्याच संध्याकाळी, वाटी घेऊन. म्हणाली, आमचंही बाळ खोकतंय. मी निम्मं ओतून दिलं. शेजारीण आहे हो, नाही कसं म्हणू? आणि मग... तुम्हीच म्हणाला होता ना, उकळून गार केलेलं पाणी रेषेपर्यंत. बाटली खाली गेली की दर वेळी घातलं, पण उकळलेलंच, शपथ. बाकी दिलं मोजूनच, तुमच्या त्या पिचकारीने."

"मोजलंत बरोबरच. पण घेवड्यात पाणी घातलं तर सगळे थोडे थोडे जेवतात. औषधात घातलं तर कुणीच पुरतं जेवत नाही, आणि आजार मात्र राहतो. पाणी घालायचं ते एकदाच, पावडर असताना."

त्रान्सितोचे डोळे भरून आले. नाओमी मात्र दिग्नाच्या हातातल्या पेल्यातून पाणी गटागटा पीत होती, आणि पिऊन झाल्यावर तिने पेला डोक्यावर टोपीसारखा घातला. दिग्नाला बरं वाटलं. पोर पितेय, खेळतेय, बरगड्यांखाली खड्डा पडत नाही. औषध हरलं नव्हतं. ते तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. तिने नवी बाटली काढली, त्रान्सितोकडूनच रेषेपर्यंत पाणी घालून घेतलं आणि पहिलं माप तिथेच, बिनसुईच्या पिचकारीने, नाओमीच्या गालात सोडायला लावलं.

"ही बाटली रोज खाली जायला हवी. परवा मला ती खाली गेलेली दिसली पाहिजे. मध्येच पोर पिईनाशी झाली, सारखी ओकायला लागली, गुंगीत गेली, तर परवाची वाट बघायची नाही, लगेच यायचं." मग तिने विचारलं, "मिर्तालाचं बाळ म्हणजे कोणतं? तिची पोरं तर मोठी झाली."

"सुनेचं. देल्मीचं."

"देल्मी? ती तर ओली बाळंतीण! महिना तरी झाला का?"

"व्हायचाय. म्हणून तर तुमच्याकडे आली नाही. चाळीस दिवस बाहेर कशी पडेल?"

दिग्ना उठली. "आज एवढंच," ती बाकाला म्हणाली. कोणी कुरकुर केली नाही. तिचा तो चेहरा सगळ्यांच्या ओळखीचा होता. "ओल्विन, गाडी मिर्तालाच्या घराखाली आण." तिने पिशवी खांद्याला अडकवली. बाटलीचं पाणी झालेलं निम्मं इथे होतं. दुसरं निम्मं, दाट, बारा किलोच्या पोरीचं माप धरून, चार किलोही नसलेल्या जिवाच्या पोटात जात होतं. पण त्याहून मोठी काळजी वेगळीच होती. एवढ्या लहानग्याचा खोकला घरात सरबत पाजून बरा करायचाच नसतो.

मिर्तालाच्या घराच्या फटीसुद्धा चिंध्यांनी बुजवलेल्या होत्या. आत चूल, वाफ, पाइनच्या लाकडाचा धूर. देल्मी डोक्याला फडकं बांधून, कानांत कापूस घालून कोपऱ्यात बसली होती. छताला टांगलेल्या दोरीच्या झोळीत बाळ होतं.

"दार लावा, वारं लागेल!" मिर्ताला ओरडली. मग कोण आलंय ते दिसल्यावर तिने आवाज उतरवला. "औषध देतोय आम्ही. त्रान्सितोने सांगितलं तेवढंच. पण ओकतोय."

"दूध?"

"सकाळपासून ओढत नाही," देल्मी म्हणाली. एवढंच ती बोलली, पण सकाळपासून हे कुणीतरी विचारावं म्हणून ती थांबली होती, असं दिग्नाला वाटलं.

दिग्नाने बाळाचं अंग उघडं केलं. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खोल खड्डा पडत होता. तिने वजन केलं, त्या वजनाचं माप काढलं, मनात पुन्हा पडताळलं आणि पाठवण्याआधीची इंजेक्शनं दिली. बाळ रडलं, पण मांजराच्या पिल्लाएवढंच.

"याला आत्ता रुग्णालयात न्यायचं. देल्मीसकट."

"चाळीस दिवस व्हायचेत," मिर्ताला दारात उभी राहिली. "मी तिला बाहेर पाठवायची नाही. माझी बहीण अशीच विसाव्या दिवशी नदीवर गेली होती. तापाने गेली. तुम्ही तेव्हा इथे नव्हता."

"नव्हते," दिग्ना म्हणाली. "ते चाळीस दिवस कशासाठी असतात, मिर्ताला?"

"बाळंतिणीला नि बाळाला जपायला. आणखी कशाला?"

"मग आज ते आपण गाडीत नेऊ. काचा बंद. तुमची ही गोधडी खिडकीला लावू. बाळ देल्मीच्या उघड्या छातीशी बांधू, वर तुमची शाल. कानातला कापूस काढायचा नाही. ओल्विनला सांगते, वाटेत कुणालाही चढवू नकोस."

"आणि शहरातले डॉक्टर कापूस काढायला लावतील तेव्हा?"

"तेव्हा मी म्हणेन, सासूबाईंना विचारा आणि मगच काढा. मी बरोबर जातेय."

मिर्तालाच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. तेवढ्यात देल्मी उठली होती. "आई," ती सासूला म्हणाली, "मी जाते. तुम्ही चूल विझू देऊ नका."

मिर्ताला दारातून बाजूला झाली. मग एकदम तिचीच घाई सुरू झाली; गोधडी आण, शाल आण, गरम पाण्याची बाटली आण, आणि ओल्विनला वरून ओरडून, "ए टवळ्या, खड्डे बघून चालव! कॉफीची पोती नाहीत ती!"

"त्यात थोडं पाणी होतं का?" गाडीत चढताना दिग्नाने विचारलं. "त्रान्सितोच्या औषधात?"

"नाही. तिने दाट दाट दिलं. स्वतःला पातळ ठेवलं असेल," मिर्ताला म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

झोळीतून बाळ उचलल्यावर झोळी तशीच झुलत राहिली होती. गाडी सुरू झाली तेव्हा दिग्नाने उघड्या दारातून पाहिलं, मिर्ताला धावत आत गेली, रिकामी झोळी झुलणं अशुभ म्हणून ती दोन्ही हातांनी थांबवली आणि तिचे दोन्ही पदर ओढून मधोमध गच्च गाठ मारली.

परवाच्या दिवशी त्रान्सितो बाकावर सगळ्यांच्या आधी हजर होती. नाओमी चालत आली होती आणि वाटेत तिने चेबोच्या एका डुकराला नाव ठेवून दिलं होतं. श्वास शांत होता. त्रान्सितोने बाटली टॉवेलातून न काढता आधी दोन्ही हातांत धरली.

"काल माझी चुलत बहीण आली होती, तिच्या पोरासाठी मागायला," ती म्हणाली. "मी तिला घेवडा वाढला. बाटली दिली नाही. म्हटलं, चल, दिग्नाकडे नेते. बाहेर बसलीय ती."

"आणि ती चिडली?"

"चिडली तर काय! दोनदा वाढून घेतला घेवडा." मग ती हळू आवाजात म्हणाली, "डोन्या, मी त्या बाळाचं वाईट केलं का?"

दिग्नाने बाटली उजेडात धरली. दाट गुलाबी, आणि रेषेच्या बरीच खाली. "तुम्ही मिर्तालाला नाही म्हटलं असतं, तर त्या बंद दाराआड बाळ आजारी आहे हे मला कळलंच नसतं," ती म्हणाली. "पुढच्या वेळी बाटली देऊ नका. निरोप द्या."

आठवडा उलटल्यावर एका दुपारी दिग्ना मिर्तालाच्या घराकडे चढून गेली. चूल पेटलेली होती, तिच्यावर पाणी वाफाळत होतं, फटींतल्या चिंध्या जागच्या जागी. मिर्ताला झोळीखाली स्टुलावर उभी राहून गाठीशी झटत होती.

"फार घट्ट बसलीय मेली," ती म्हणाली. "रडत रडत मारली होती ना. सुरीने कापू?"

"कापू नका. द्या इकडे."

दोघी झोळीच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. दिग्नाने चश्मा कपाळावर सरकवला आणि नखाने दोरीचा एक पदर सैल करायला घेतला. गाठ थोडी हलली. खाली वळणावर ओल्विनच्या गाडीचा हॉर्न वाजला, हळू चालवणाऱ्याचा, लांबलचक.

"आले," मिर्ताला म्हणाली, आणि दातांनी दोरी धरली.