खुंटीखालचा कोळसा

अबू नासिरने तिसऱ्यांदा पावलं मोजली आणि भिंतीला हात टेकून उभा राहिला.

"बावन्न," तो म्हणाला. "आधी चोपन्न होती."

कचेरीतून आलेल्या कारकुनाने घड्याळ पाहिलं. नऊसुद्धा वाजले नव्हते. अल सुलैच्या त्या उघड्या माळावर सावली एकच होती, आणि तीही गोदामाच्या ज्या भिंतीवरून भांडण चाललं होतं तिचीच. त्यामुळे वादी, प्रतिवादी आणि सरकार एकमेकांना खेटून उभे होते.

"पावलांवर कोण विश्वास ठेवतं?" गोदामाच्या कंपनीचा कोकणी मोजणीदार इसहाक अरबीत म्हणाला. "वय झालं की पावलं बदलतात."

"म्हणजे म्हातारपणी माझी पावलं लांब झाली?" अबू नासिर म्हणाला. "अल्लाहची मेहेरबानी."

कारकून हसला, पण लेखणी उघडलीच होती त्याने. म्हाताऱ्याने उंट विकून जमीन घेतली होती. दस्तात चतुःसीमा आपल्याकडच्या खरेदीखतासारखीच लिहिलेली: उत्तरेस रस्ता, दक्षिणेस गोदामाची जमीन, उत्तर-दक्षिण लांबी चाळीस मीटर. टेप धरला तेव्हा पश्चिमेच्या टोकाला चाळीस भरले, पूर्वेच्या टोकाला साडेअडतीस.

"उन्हात पोलादी टेप वाढतो," इसहाक म्हणाला.

"दीड मीटर?" कारकुनाने विचारलं.

"नाही. दोन बोटं. पण रस्त्याकडचं पत्र्याचं कुंपण यानेच तिरपं आत घातलं असेल."

"भिंत खुंटीवर आहे, खुंटी नकाशावर आहे," कारकून म्हणाला. "दुसरी जुनी खूण असेल तर दाखवा. नाहीतर मी भिंत कायम असं लिहितो."

टेपचं शून्याचं टोक धरून इसहाकच्या हाताखालचा गुणाजी उभा होता. वय एक्केचाळीस, गाव संगमेश्वराकडचं. बाप मोजणी खात्यात शिपाई, जन्मभर साखळी ओढलेला. हद्दीचा दगड रोवण्याआधी खड्ड्यात ओंजळभर कोळसा टाकायचा, हे बापाने शिकवलेलं. दगड हलवणारे पुष्कळ भेटतात, कोळसा उकरून न्यायला कुणी येत नाही. गुणाजी इथल्या वाळूतही तेच करायचा. "कणसं भाजायची हायत काय रे?" म्हणून इसहाक त्याला चिडवायचा.

दोन वर्षांपूर्वी या कोपऱ्यातली खुंटी मातीकाम करणाऱ्या यंत्राने उपटली आणि वर मातीचा ढीग केला. इसहाक तेव्हा जेद्दाला होता. तीन महिने बंदराबाहेर खोळंबलेल्या बोटीतलं सिमेंट एकदाचं उतरलं होतं. मुकादम डोक्यावर उभा राहून यल्ला यल्ला करत होता. गुणाजीने ढिगाच्या कडेला, नजरेनं, खुंटी परत ठोकली. ढीग हलला की कोळसा बघू, म्हणाला. दुसऱ्या दिवशी सिमेंट आलं आणि त्याच खुंटीवरून भिंत उभी राहिली. मग काय बघणार?

"टेप गुंडाळ," इसहाक मराठीत म्हणाला.

"इसहाकभाई, त्याची दोन पावलं बरोबर हायत."

इसहाकने कारकुनाकडे बघत, चेहरा न हलवता विचारलं, "तुला काय ठाव?"

"खुंटी मी परत ठोकलेली. अंदाजानं. तुम्ही जेद्दाला होतात."

"दोन वर्षं तोंडात काय धरून बसलास?"

"तुम्हीच वाचून दाखवता की पत्रं."

 गुणाजीच्या बायकोची, शेवंताची पत्रं इसहाकच वाचायचा, उत्तरंही तोच लिहायचा. गावच्या विहिरीला पंधरा हातांवर कातळ लागला होता. सुरुंगाचे पैसे जमवायचे तर गुणाजीने अजून चौदा महिने इथे राहायला हवं होतं.

"आता आणखी धा मिनटं गप राहा," इसहाक पुटपुटला. "कारकून लिहील नि जाईल. बोललास तर मालक, कफील हाय तो तुझा, राहायचा इकामा काढून घेईल नि गावाला धाडील. खलास. आणि नकाशावर सही माझी हाय."

तेवढ्यात अबू नासिर शेगडीवरची कॉफी घेऊन आला. भांडण असलं तरी पाहुणे ते पाहुणे. गुणाजीलाही त्याने इतरांसारखाच इवलासा पेला दिला. पुरे झालं की पेला हलवायचा असतो. गुणाजीला ते पक्कं माहीत होतं, पण आज हात हलेना. म्हातारा ओतत गेला. दुसरा, तिसरा, चौथा. गुणाजी शेगडीतल्या निखाऱ्यांकडे पाहत होता. कारकुनाने कागद मांडीवर घेतला.

गुणाजीने पेला हलवला, परत दिला, कुदळ उचलली आणि गोदामाच्या फाटकातून वळसा घालून भिंतीच्या आतल्या बाजूला गेला. सगळे मागोमाग आले. कोपऱ्यापासून त्याने दोन पावलं टाकली आणि खणायला लागला.

गुडघाभर खणलं, नुसती वाळू. इसहाकने खिशातला रुमाल काढून मान पुसली. गुणाजी वीतभर डावीकडे सरकला. आणखी दहा-बारा घाव. मग वाळू करडी झाली, आणि मग काळी.

कारकून वाकला. "हे कुणी ठेवलं?"

कामापुरत्या हुकमांपलीकडे गुणाजीला अरबी येत नव्हतं. त्याने इसहाककडे पाहिलं. इसहाकने काहीही सांगितलं असतं तरी तेच खरं ठरलं असतं.

इसहाकने खड्ड्यात वाकून पाहिलं.

"आमच्या मोजणीची मूळ खूण आहे," तो अरबीत म्हणाला. "भिंत चुकली."

टेप पुन्हा धरला. चाळीस मीटर भरले, फक्त दोन बोटं कमी. दोन बोटं उन्हात गेली.

कारकुनाने नवा कागद घेतला. खणताना कोळसा विखुरला होता. अबू नासिरने शेगडीतला विझलेला कोळसा ओंजळीत आणला. गुणाजीने तो खड्ड्यात ठेवला, वर खुंटी रोवली, माती दाबली.

"काय लिवलान?" त्याने विचारलं.

इसहाकने कागद वाचून मराठीत सांगितलं, "दक्षिणेस गोदामाची जमीन. पूर्वेच्या कोपऱ्यास हद्दीची खूण कोळसा, खोली अर्धा मीटर."

"कुणी पुरला ते?"

"ते लिहीत नाहीत."

गुणाजीने मान हलवली. कुणी मागायच्या आत त्याने सदऱ्याच्या खिशातून इकामा काढला आणि इसहाकच्या हातात दिला. कव्हरावर चार बोटांचे काळे ठसे उठले. इसहाकच्या हातात रुमाल होता. त्याने ते पुसले नाहीत.