मुद्दाम हरायचं नाही

माझा दादा मुद्दाम हरतो, हे मला एका गाडीमुळे कळलं. खरी गाडी नव्हे, टीव्हीवरची. रविवारी त्याच्याकडे जेवण करून आम्ही दोघं शर्यतीचा गेम खेळत बसलो होतो. माझी गाडी दोनदा भिंतीवर आपटून मागे पडलेली, त्याची सुसाट पुढे. शेवटच्या वळणावर त्याची गाडी एकदम गोगलगाय झाली. मी टीव्हीवरची नजर काढून त्याच्या हाताकडे बघितलं. बटणावरचा अंगठा त्याने चक्क उचलून बाजूला ठेवला होता.

"अरे वा! जिंकलीस की बाळा," तो म्हणाला.

बाळा! हा माणूस मला जन्मभर 'माकडे' म्हणत आलाय. लहानपणी याने मला एक डाव कधी फुकट दिला असेल तर शपथ. हरवायचा तो हरवायचा, वर खोलीभर नाचायचा, "हरली रे हरली, माकडी हरली!" मी रडायचे, त्याच्या दंडाला कडकडून चावायचे आणि नाक पुसून परत खेळायला बसायचे. असं आमचं प्रेम.

मग माझा हात प्रेसमध्ये गेला. मी पुठ्ठ्याची खोकी बनवायच्या कारखान्यात कामाला आहे. पुठ्ठा कापणाऱ्या प्रेसवर मी उभी असायचे. उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली, अंगठा आणि करंगळी राहिली. म्हणजे ठेंगा दाखवायला एक आणि कट्टी घ्यायला एक. माझ्यासारखीला एवढं पुष्कळ, असं मी दवाखान्यात पडल्या पडल्याच सांगून टाकलं होतं. सगळे हसले. दादा तेवढा हसला नाही. तेव्हापासून मी बाळा झाले.

मी कंट्रोलर सोफ्यावर आपटला. "तू मुद्दाम हरलास."

"छे गं! हात घसरला."

"हात माझा गेलाय आणि घसरतोय तुझा?"

वहिनी स्वयंपाकघरातून डोकावली आणि आमची तोंडं बघून परत आत गेली. शहाणी बाई आहे.

"अगं, पण हे गेम सगळे दोन्ही हातांचे," दादा समजुतीच्या सुरात म्हणाला. त्या सुराने तर माझ्या अंगाचा तिळपापड होतो. "तुला ते जड जाणारच ना."

"मग मी एका बोटाचा गेम बनवते. आणि असा बनवते, की त्यात तुला मुद्दाम हरताच येणार नाही!"

तो हसला. चेष्टेने हसला असता तर चाललं असतं. कौतुकाने हसला आणि म्हणाला, "बनव हं बाळा."

आता तोंडातून निघालं ते निघालं. घरी जायला निघाले तर वहिनी जिन्यापर्यंत आली आणि तिचा जुना लॅपटॉप पिशवीत घालून माझ्या हातात दिला. "वन्सं," ती हळूच म्हणाली, "सोडू नका यांना."

सायकलच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक क्लास होता, शनिवारी दुपारी. गेम बनवायला शिका, काही येत नसलं तरी चालेल, अशी पाटी. मला काहीच येत नव्हतं, म्हणजे मी अगदी पात्र. आत गेले तर सगळी शाळेतली पोरंपोरी, आणि सर माझ्या भाच्याच्या वयाचे. माझा हात बघून सरांचा चेहरा पडला. मला तो चेहरा पाठ आहे.

"ताई, तुम्ही नुसतं सांगा, टाइप मी करतो," ते म्हणाले.

"सर, कीबोर्डला हात लावू नका," मी म्हटलं. बिचारे दोन पावलं मागे सरकले.

पहिले काही आठवडे माझं डोकं पार भंजाळलं. मशीनला सगळं सांगावं लागतं. खोकं पुढे सरकव म्हटलं तर ते सरकत सरकत पडद्याच्या बाहेर निघून जातं, कारण थांब असं आपण सांगितलेलंच नसतं. एक स्वल्पविराम चुकला की रुसून बसतं. आमच्या सुपरवायझरपेक्षा नाठाळ! पण एक गोष्ट मला आवडली. मशीनला माझी कीव येत नव्हती. चुकलं की चुकलं म्हणायचं, बरोबर आलं की गुपचूप चालायचं.

क्लास अर्ध्यावर आला तेव्हा सर म्हणाले, "आता प्रत्येकाने आपापला गेम ठरवा. ताई, तुमच्यासाठी मी एक सोपा काढलाय. बटण दाबलं की फूल उमलतं."

"सर, फुलं उमलवायला मी आलेली नाही. मला माझ्या भावाला पकडायचंय."

"पकडायचंय?"

मग मी सगळं सांगितलं. सरकत्या पट्ट्यावरून एक खोकं येणार. ते रेघेवर आलं की बटण दाबायचं, जो आधी दाबेल त्याला गुण. एकाला एकच बटण, एकच बोट. पण सामन्याच्या आधी प्रत्येकाने एकट्याने थोडं खेळायचं, आणि कोण किती पटकन दाबतं ते मशीन लक्षात ठेवणार. पुढे सामन्यात कुणी स्वतःच्याच वेगापेक्षा रेंगाळलं, की पडदा लाल, त्यावर ही मोठी अक्षरं, 'मुद्दाम!' आणि तो गुण रद्द.

"आणि खरंच शिंक आली तर?" मागच्या बाकावरची चष्मेवाली पोरगी म्हणाली.

"तर नाक पूस आणि परत खेळ. रद्द म्हणजे रद्द."

सरांनी फूल गुंडाळून ठेवलं.

व्हेरिएबल म्हणजे काय ते सरांनी आधीच शिकवलं होतं. खोकं समजा, ते म्हणाले होते, वर नाव लिहायचं आणि आत आकडा ठेवायचा. मी मनात म्हटलं, खोकं? हे तर आपल्या घरचं! बाकीचे वहीत उतरवून घेत होते तेव्हा मी रुबाबात हाताची घडी घालून बसले होते. माझ्या गेमसाठी मी एक खोकं घेतलं, वर 'वेग' असं नाव घातलं आणि त्यात माझा वेग ठेवला, समोरच्याचाही ठेवला. खोकं मोठं आहे, दोन आकड्यांना काय होतंय?

गेम तयार झाला आणि चष्मेवाली माझ्याशी खेळायला बसली. आधी मी एकटीने खेळले, मग ती. पोरगी म्हणजे नुसती वीज. मग सामना सुरू झाला. मी डावा हात मांडीखाली दाबून उजव्या करंगळीने खेळत होते, दात-ओठ खाऊन. पहिलंच खोकं रेघेवर आलं, मी बटण दाबलं, आणि पडदा लालभडक. 'मुद्दाम!'

मला?

दुसरं खोकं. 'मुद्दाम!' तिसरं. 'मुद्दाम!' मी जीव तोडून खेळत होते, आणि मीच बनवलेलं यंत्र सगळ्या वर्गासमोर माझ्यावर बोट दाखवत होतं. संताप संताप झाला. लॅपटॉप खिडकीतून खाली सायकलवाल्याच्या डोक्यात घालावा असं वाटलं.

सरांनी माझा प्रोग्राम वाचला. "ताई, खोकं एकच घेतलंत."

"एकात दोन मावत नाहीत? आमच्याकडे दोन डझन मावतात."

"या खोक्यात एकच मावतं. नवीन ठेवलं की जुनं गेलं."

"गेलं म्हणजे कुठे गेलं?"

"कुठे नाही. गेलं."

मी माझ्या हाताकडे बघितलं. म्हणजे माझा वेग आत ठेवला, त्यावर पोरीचा वेग ठेवला, आणि माझा पुसला गेला. मशीन बसलं मला त्या पोरीच्या वेगाने मोजत! दोन धडधाकट हातांच्या तेरा वर्षांच्या वेगाने! हे तर सगळं जगच करतं, त्यासाठी कॉम्प्युटर कशाला हवा? मी दोन खोकी केली. एकावर माझं नाव, एकावर समोरच्याचं. मला मोजायचं तर माझ्या खोक्यातून मोजा.

मग सर खेळायला बसले. मी एका गुणाने मागे होते. पुढचं खोकं रेघेवर येऊन पार पुढे सरकलं तरी सरांचं बोट आपलं हवेतच. पडदा लाल झाला. 'मुद्दाम!' वर्ग असा ओरडला की खालून सायकलवाल्याने काठीने छत वाजवलं. सरांचे कान पडद्याहून लाल झाले.

"चालतो," मी म्हटलं. "गेम चालतो."

पुढच्या रविवारी मी लॅपटॉप दादाच्या टेबलावर मांडला. एकट्याने खेळायच्या वेळी तो मन लावून खेळला, कारण हे कशासाठी ते त्याला ठाऊक नव्हतं. मग मी शेजारी बसले आणि करंगळी बटणावर ठेवली.

"डाव्या हाताने खेळ ना," तो म्हणाला.

"तू तुझं बघ."

पहिलं खोकं आलं. पडदा लाल. 'मुद्दाम!'

"हे काय?"

"तू पकडला गेलास."

पुन्हा लाल. मग त्याने हुशारी केली, थोडंसंच रेंगाळून बघितलं. लाल! वहिनी हात पुसत दारात येऊन उभी राहिली. चौथ्यांदा लाल झालं तेव्हा दादाने खुर्ची मागे ढकलली आणि ताडकन उठला.

"बंद कर हे! तुला काय वाटतं, मला हौस आहे? तुझा तो हात बटणावर आला की माझं बोट आपोआप वर जातं. मी काय करू? तुझं एवढं गेलं, वर मी तुला हरवू?" त्याचा आवाज फाटला. "नाही जमत मला."

मी त्याच्यावर ओरडायचं ठरवून आले होते, पण ओरडता येईना.

"दादा, माझी तीन बोटं गेली. आणि त्यांच्यामागे तूही गेलास. सगळे माझ्याशी गोड वागतात, कारखान्यात, रस्त्यात, सगळीकडे. मला हरवायला म्हणून एक माणूस होता, तोही गेला. बोटं काही परत येत नाहीत. तू तरी परत ये."

त्याने खुर्ची पुढे ओढली, बसला आणि मनगटाने डोळे पुसले.

"हाताकडे बघू नकोस," मी म्हटलं. "पडद्याकडे बघ."

खोकं आलं. त्याने बटण दाबलं. पडदा पांढराच राहिला, गुण त्याला. पुढचा त्याला. त्याच्या पुढचाही त्यालाच. मी करंगळी दुखेपर्यंत झुंजले, आणि त्याने माझा पार धुव्वा उडवला. शेवटचा गुण मिळाला तसा हा बाप्या, केस पिकलेला, टुणकन उडी मारून उठला. "हरली रे हरली, माकडी हरली!" दोन गिरक्या झाल्या आणि मग त्याला भान आलं. हात वरच राहिले. चोरी पकडल्यासारखा तो वहिनीकडे बघायला लागला.

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. इतका आनंद मला हात गेल्यापासून झाला नव्हता.

"थांबलास का?" मी म्हटलं. "नाच की मेल्या! आणि बस खाली, परत खेळायचंय."

दुसऱ्या डावात तो भलताच गाफील होता. खोकं रेघेला टेकलं न टेकलं तोच माझी करंगळी पडली. त्याचं बोटही पडलं, पण जरा उशिरा. आम्ही दोघांनी श्वास रोखून पडद्याकडे बघितलं. पडदा पांढराच होता. गुण मला.

"चीटिंग!" दादा किंचाळला. "ए माकडे, प्रोग्राममध्ये काहीतरी घालून ठेवलंयस तू!"

"घातलंय की. शिक आणि उघडून बघ."

वहिनी म्हणाली, चहा गार होतोय. दादाने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "हा डाव झाल्यावर," तो म्हणाला, आणि त्याने शर्टाची बाही कोपरापर्यंत वर सारली.